प्रकाश देणारी साखळी

उसाच्या गाळपाचा हंगाम आला, की ईश्वरपूरच्या (पूर्वीच्या इस्लामपूरच्या) रस्त्यांवर ट्रॅक्टरामागे जोडलेल्या ट्रॉल्या दिसू लागतात. दोन ट्रॉल्यांना जोडते ती एक लोखंडी पिन. रसायनशास्त्रज्ञांनी रेणू जोडण्यासाठी अशीच एक पिन शोधली. ती म्हणजे धातूचा आयन, अर्थात विद्युत्भार धारण करणारा अणू.

लहान रेणूंच्या लांब साखळीस बहुवारिक म्हणतात. एका बहुवारिकाचा पातळ थर वीज मिळताच प्रकाशतो, हे केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी १९९० साली प्रसिद्ध केले. अशी साखळी धातूने गुंफावयाची, तर रेणूच्या दोन्ही टोकांस नायट्रोजनच्या तीन-तीन अणूंची पकड बसवितात. जस्ताचा एक आयन अशा दोन पकडींना जोडतो. द्रावणात रेणू व आयन यांची संख्या सारखी ठेवली, की साखळी आपोआप वाढते. जस्त फार झाले, तर प्रत्येक टोकाला स्वतंत्र आयन मिळतो आणि साखळी तोकडीच राहते. मोजमाप चुकले, की सारे फसले!

मग बळकट लोखंडच का वापरू नये? लोखंडाची पकड जस्ताहून घट्ट खरी; परंतु त्याची साखळी गर्द जांभळी होते आणि रेणूने घेतलेली प्रकाशाची ऊर्जा लोखंडापाशी उष्णतेच्या रूपाने विरून जाते. जस्त त्या ऊर्जेच्या वाटेस जात नाही. म्हणून अतिनील किरण पडताच त्याची साखळी चमकते. युरोपियम हा धातू तर स्वतःच तांबडा प्रकाश देतो. तो तीन टोके धरीत असल्यामुळे साखळीऐवजी जाळे विणले जाते.

ही जोडणी सोडविताही येते. धातूस अधिक घट्ट धरणारे द्रव्य द्रावणात घातले, की ते आयन ओढून घेते आणि रेणू पुन्हा सुटे होतात.