भाजीला प्लॅस्टिकचे इरले

शेती आम्ही पुस्तकांतून शिकलो. आमचे आयुष्य गेले कामगारांच्या सभांत. तरी आयर्लंडच्या भाजीविषयी आज सांगावेसे वाटते. त्या देशाच्या पश्चिमेस वर्षातले सुमारे सव्वादोनशे दिवस पाऊस, आणि ऐन उन्हाळ्यातही गारवा. १८४५ साली तेथे बटाट्यावर करपा पडला. पुढच्या सहासात वर्षांत भुकेने व रोगराईने सुमारे दहा लाख माणसे गेली. (धान्याची जहाजे मात्र त्याच बंदरांतून बाहेर जात होती!) तोच करपा टोमॅटोलाही खातो, पान काही तास ओले राहिले की तो रुजतो.

म्हणून लोखंडी कमानींवर पॉलिथिन ताणून बोगद्यासारखा मांडव घालतात. लोकांना वाटते, हा उबेसाठी. दिवसा ऊब मिळते खरी, पण निरभ्र रात्री आतही जवळजवळ बाहेरच्याइतकेच गारठते. खरा उपयोग आपल्या कोकणातल्या इरल्याचाच: पान कोरडे राहते. उबेच्या लोभाने दारे लावून घेतली, तर आतली वाफ छताला लागून तिचे थेंब पानांवरच ठिबकतात. तेव्हा दिवसा दोन्ही टोकांची दारे उघडी हवीत, पाऊस असला तरी. आणि बाहेर पाऊस चालू असताना आतल्या झाडांना मात्र माणसाने सकाळी मुळाशी पाणी घालायचे!