गटारात उतरणाऱ्याचा जीव आणि नगरपालिकेचे कर्तव्य

भुयारी गटार साफ करण्यासाठी एक कामगार आत उतरला व गुदमरून मेला. तो वर येत नाही असे पाहून दुसरा उतरला, तोही मेला. ही बातमी आपल्या देशातील शहरांतून इतक्या वेळा छापली गेली आहे की वाचकांच्या मनावर तिचा परिणाम होईनासा झाला आहे. पुढचा क्रमही ठरलेलाच असतो. अधिकारी घटनास्थळी जातात, चौकशी जाहीर होते, ठेकेदाराकडे बोट दाखविले जाते, मृताच्या घरी काही रक्कम पोहोचते किंवा पोहोचण्याचे आश्वासन पोहोचते, आणि पुढील पावसाळ्यापूर्वी गटारे उपसण्याची वेळ आली म्हणजे तेच झाकण उघडून त्याच रीतीने दुसऱ्या कोणाला तरी आत उतरविण्यात येते. वरातीमागून घोडे धावविण्याची ही चाल किती दिवस चालू द्यावयाची, हा प्रश्न आज आम्ही करदात्या नागरिकांपुढे मांडीत आहो.

या प्रकारास अपघात म्हणण्याची रूढी आहे. आमच्या मते हा शब्द येथे लागू पडत नाही. जे अकस्मात घडते व ज्याची कल्पना शहाण्या माणसासही आधी येऊ शकत नाही, त्यास अपघात म्हणावे. संसदेत सरकारनेच दिलेल्या माहितीप्रमाणे २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे व मलटाक्या साफ करताना देशात ३७७ माणसे दगावली. ज्याचे कारण ठाऊक आहे, ज्याचा उपाय ठाऊक आहे आणि तरीही जे वर्षानुवर्षे घडत राहते, त्याचे नाव हयगय असे आहे.

कारण कोणते ते पाहू. बंद गटारात मैला कुजतो व त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निघतो. तो हवेहून जड असल्यामुळे तळाशी साचतो. त्याचे प्रमाण थोडे असते तोवर सडक्या अंड्यासारखी घाण येते. पण प्रमाण वाढून हवेच्या दहा लक्ष भागांत शंभर भागांच्या आसपास गेले म्हणजे नाकाची वास घेण्याची शक्तीच नाहीशी होते. घाण येत नाही म्हणून आत धोका नाही असे समजून माणूस पुढे जातो, आणि त्याच क्षणी तो मृत्यूच्या अगदी जवळ असतो. याशिवाय मिथेन वायूचा पेट घेण्याचा धोका असतोच. साध्या हवेत प्राणवायू शेकडा सुमारे २१ असतो. तो साडेएकोणीसच्या खाली गेला की जागा असुरक्षित समजावी आणि दहाच्या खाली गेला की शुद्ध हरपते, असे शास्त्र सांगते. यांपैकी एकही गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. काडी ओढून पाहणे, झाकण तासभर उघडे ठेवणे, 'हा जुना माणूस आहे, त्याला सवय आहे' असे म्हणणे, हे उपाय नव्हेत. विषास सवयीची ओळख नसते. ते ओळखणारे वायुमापक यंत्र हातात मावते, आणि ते ज्या शहराच्या कोठीत नाही त्या शहराने आपल्या माणसास खाली उतरविण्याचा अधिकार गमावला आहे.

वाचविण्यास गेलेला मरतो, हे तर या प्रकरणातील सर्वांत हृदयद्रावक अंग होय. १९८६ साली अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षेच्या राष्ट्रीय संस्थेने इशारा प्रसिद्ध केला. त्यात बंदिस्त जागेत मेलेल्यांपैकी शेकडा ६० हून अधिक लोक दुसऱ्यास वाचविण्यासाठी आत गेलेले होते, असे नमूद आहे. आपल्याकडे २०१५ च्या नोव्हेंबरात कोझिकोड येथे गटारात दोन कामगार अडकले असता रस्त्याने जाणारा एक रिक्षाचालक त्यांस काढण्यासाठी उतरला, आणि तिघेही मेले. त्या माणसाच्या धैर्यापुढे आम्ही मस्तक नमवितो. परंतु ज्या ठिकाणी कमरेस दोर, वर दोर धरणारा माणूस व ओढून घेण्याचे साधन असावयाचे, त्या ठिकाणी वाटसरूच्या धैर्यावर विसंबावे लागते, ही गोष्ट कोणत्याही नगरपालिकेस भूषणावह नाही.

आता कायदा पाहू. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३६ व्या कलमात असे लिहिले होते की, जेथे विषारी वायू असण्याचा संभव आहे अशा टाकीत किंवा नळात, ती जागा निर्धोक असल्याचा जाणकाराचा लेखी दाखला असल्याखेरीज, अथवा श्वसनयंत्र व ज्याचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती आहे असा दोर बांधल्याखेरीज, कोणीही उतरू नये. म्हणजे कारखान्याच्या भिंतीआड काम करणाऱ्यासाठी हे शहाणपण तेव्हाच कागदावर उतरले होते. रस्ता हाच ज्याचा कारखाना, त्याच्या वाट्यास ते आले नाही. १९९३ साली कोरड्या संडासांविरुद्ध व हाताने मैला उचलण्याविरुद्ध कायदा झाला. पुढे २०१३ चा कायदा आला व त्याच्या सातव्या कलमाने गटार अगर मलटाकी धोकादायक रीतीने साफ करण्यास माणूस लावणे, प्रत्यक्ष असो वा अप्रत्यक्ष असो, मना केले. पहिल्याच गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लक्ष रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेविली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासूनच्या प्रत्येक गटारमृत्यूबद्दल दहा लक्ष रुपये देण्याचा हुकूम केला. २०२३ च्या ऑक्टोबरात ती रक्कम तीस लक्ष केली. आणि २०२५ च्या जानेवारीत मुंबईसह सहा महानगरांत गटारात माणूस उतरविण्याची पद्धत बंद करण्याविषयी आज्ञा दिली. कायद्याचा तुटवडा आहे असे कोणी म्हणू नये. तुटवडा आहे तो अंमलबजावणीचा.

या अंमलबजावणीस दोन पळवाटा आडव्या येतात. पहिली शब्दांची. हाताने मैला उचलणे निराळे व गटाराची 'धोकादायक सफाई' निराळी, असा भेद कायद्याच्या व्याख्यांत आहे. त्याच्या आधारे पहिल्या सदराखाली एकही मृत्यू नाही असे सांगावयाचे, व मेलेल्यांची संख्या दुसऱ्या सदरात घालावयाची, असा प्रकार आपण संसदेतही पाहिला आहे. व्याख्या बदलल्याने प्रेत जिवंत होत नाही. शिवाय संरक्षक साधने दिली तर ती सफाई धोकादायक ठरत नाही, अशीच या व्याख्येची रचना असल्यामुळे, कोठीत दोन रबरी मोजे पडलेले दाखविले की जबाबदारी संपली असे मानणारे अधिकारी निपजतात.

दुसरी पळवाट ठेकेदाराची. 'तो आमचा नोकर नव्हे, ठेकेदाराचा माणूस' हे उत्तर आम्ही वकिलीत असल्यापासून ऐकत आलो आहो. कायद्यात त्यास आधार नाही. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यातच मूळ मालकाने आधी भरपाई द्यावी व मग ती ठेकेदाराकडून वसूल करावी असे तत्त्व घातले होते. आणि २०१३ च्या कायद्यातील 'अप्रत्यक्ष' हा शब्द याच बचावाचे तोंड बंद करण्यासाठी आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबई महानगरपालिकेच्या सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांस कायम करण्याचा निवाडा उचलून धरला, त्यावरून तरी इतर नगरपालिकांनी बोध घ्यावयास हवा होता.

येथे आम्हांस एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. गटारात उतरणारा मनुष्य बहुतेक ठिकाणी ठराविक जातींतलाच असतो, आणि म्हणूनच त्याच्या मरणाचा समाजास धक्का बसत नाही. आपल्या घरचा मुलगा या कामावर असता तर वायुमापक यंत्र विकत घेण्यास सभागृहात किती बैठका लागल्या असत्या, याचा प्रत्येकाने मनाशी विचार करावा. याच मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची सभा भरवून त्यांची मागणी मांडली, तेव्हाही मालक म्हणत की हे परवडणार नाही; तरी १८९० साली रविवारची सुटी मिळालीच, आणि त्यामुळे गिरण्या बुडाल्या नाहीत.

खर्चाचा आक्षेप आजही तोच आहे. व्यापारी वाचकांस आम्ही विचारतो की, आपल्या गुदामातील मालास आपण विमा उतरविता, आगीचे बंब टांगता, रखवालदार ठेवता. हा खर्च आपण तोट्याच्या खाती लिहिता काय? मग ज्याच्या श्रमावर शहराचे आरोग्य उभे आहे, त्या माणसाच्या रक्षणाचा खर्च तेवढा उधळपट्टी कसा? एका मृत्यूस आज तीस लक्ष रुपये द्यावे लागतात; तेवढ्यात वायुमापक यंत्रे, दोर, पट्टे व तिपाई यांचे अनेक संच येतील. कामगारच साधने वापरीत नाहीत, हा दुसरा आक्षेप. तो काही अंशी खरा आहे. पण मापास न बसणारे बूट व उकाड्यात न सोसणारा पोशाख घेणाऱ्याने वापरणाऱ्यास कधी विचारले होते काय? तिसरा आक्षेप असा की अरुंद गल्लीत यंत्र जात नाही. त्यास उत्तर असे की २०१८ साली तिरुवनंतपुरमच्या तरुण अभियंत्यांनी केलेले, गटाराच्या तोंडावर उभे राहून आतला गाळ काढणारे यंत्र कामास लागले. जेथे इच्छा आहे तेथे वाट निघते.

धोका केवळ गटारातच आहे असेही नाही. काळबादेवी येथे २०१५ च्या मे महिन्यात आग विझविताना मुंबईच्या अग्निशमन दलाचे चार अधिकारी प्राणास मुकले. पहाटेच्या अंधारात रस्ता झाडणारी बाई भरधाव मोटारीखाली सापडते. कचरा उचलणाऱ्याच्या हातात दवाखान्याची सुई शिरते. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यात उभा राहणाऱ्यास लेप्टोचा ताप येतो. पाणीपुरवठ्याच्या ठिकाणी क्लोरीनच्या टाक्या हाताळाव्या लागतात. दिव्याच्या खांबावर विजेची तार असते. यासाठी सुटे उपाय उपयोगी नाहीत, एक सलग योजना हवी. ती आम्ही थोडक्यात सुचवितो.

प्रथम, प्रत्येक खात्यातील धोक्याच्या कामांची यादी करून ती कामगारांसमक्ष तपासावी. दुसरे, यंत्राने होणारे काम माणसाकडून करवू नये. आणि अगदी निरुपायाने उतरावेच लागल्यास, वायूची मोजणी करून, दोर, श्वसनयंत्र व वर सुटकेची तुकडी सिद्ध ठेवून, जबाबदार अधिकाऱ्याने सहीचा परवाना दिल्याखेरीज झाकण उघडू नये. त्या सहीखाली नाव असेल, म्हणजे चौकशीत बोट कोणाकडे दाखवावे हा प्रश्नच उरणार नाही. तिसरे, ब्रिटनमध्ये १९७४ च्या कायद्यानंतर कामगारांच्या प्रतिनिधींस सुरक्षेच्या समित्यांत स्थान मिळाले, तद्वत् येथेही समिती असावी व तीत कंत्राटी कामगारही असावेत. चौथे, साधने नसतील तर उतरण्यास नकार देण्याचा हक्क, मजुरी न कापता, लेखी मान्य व्हावा. पाचवे, धनुर्वात व कावीळ यांवरील लसी आणि वार्षिक वैद्यकीय तपासणी मोफत व कामाच्या वेळात व्हावी. सहावे, लहानमोठ्या सर्व दुर्घटनांचे, आणि थोडक्यात टळलेल्यांचेही, पुस्तक ठेवून ते दरवर्षी अंदाजपत्रकाबरोबर प्रसिद्ध करावे व या कामासाठी निराळी रक्कम राखून ठेवावी. निराळे सदर नसलेला खर्च काटकसरीत पहिल्यांदा कापला जातो, हे हिशेब लिहिणाऱ्यांस सांगावयास नको.

शेवटी एक शब्द आमच्या वाचकांस. नगरपालिकेस दोष देऊन आपली सुटका होत नाही. आपल्या चाळीची किंवा सोसायटीची मलटाकी भरली म्हणजे चारदोनशे रुपयांत उतरणारा माणूस आपणच शोधतो. २०१३ च्या कायद्यातील मनाई 'कोणत्याही व्यक्तीस' आहे. ती नगरपालिकेपुरती नाही. २०१९ च्या डिसेंबरात गोवंडी येथील एका गृहसंस्थेच्या टाकीत तिघे मजूर मेले. त्यांच्या विधवांस दाद मागण्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि २०२१ साली न्यायालयाने सरकारला प्रत्येकी दहा लक्ष रुपये देण्यास व ते जबाबदार मालकाकडून वसूल करण्यास सांगितले. तेव्हा पुढच्या खेपेस टाकी उपसण्यासाठी यंत्राची गाडी मागवा, ती महाग पडली तरी मागवा. आणि आपल्या प्रभागाचा नगरसेवक दारी येईल तेव्हा रस्ता व नळ यांबरोबर हेही विचारा की, आपल्या शहरात वायुमापक यंत्रे किती, गतवर्षी गटारात किती माणसे उतरविली आणि कोणाच्या सहीने? या प्रश्नास त्यास उत्तर देता आले नाही, तर त्यास मत द्यावे की नाही हे ठरविणे अवघड जाणार नाही.