डोळ्यांची आखणी

पेणच्या गणेशमूर्तींना २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. तेथील मूर्तिशाळांत डोळ्यांची आखणी कसलेल्या कारागिराकडेच सोपवली जाते. कारण डोळे रेखाटले की मूर्तीत प्राण आल्याचा भास होतो. प्रत्यक्ष जिवंत डोळ्याचा एक भाग घडवण्याचे कार्यही आता प्रयोगशाळेत सुरू झाले आहे. जिवंत पेशी मिसळलेली ‘जैवशाई’ यंत्राने थरावर थर देत ऊती साकारण्याच्या या तंत्रास जैवमुद्रण म्हणतात.

बुबुळावर सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचे पारदर्शक पटल असते. तोच कॉर्निया. इजा वा जंतुसंसर्ग यांमुळे ते पांढुरके झाले की दृष्टी जाते. मृत्यूनंतर दान केलेल्या नेत्रांतील पटल बसवणे हाच त्यावरील रूढ उपाय. परंतु गरजेच्या मानाने दाते थोडे.

ऑगस्ट २०२२ मध्ये हैदराबाद येथील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, आयआयटी आणि सीसीएमबी यांच्या वैज्ञानिकांनी मुद्रित कॉर्निया सशाच्या डोळ्यात बसवल्याचे जाहीर केले. सशावरील प्रयोग अहिंसाप्रेमी मनास सलणारच. मात्र औषधचाचणीत प्राण्यांऐवजी जैवमुद्रित ऊती वापरण्याची वाटही भारताच्या २०२३ च्या नियमदुरुस्तीने मोकळी केली आहे.

या कॉर्नियाच्या शाईत प्राणिज अंश नाही. मानवी नेत्रांतील पटलाच्या पेशी काढून उरलेले द्रव्य आणि मानवी नेत्रांतीलच मूलपेशी यांपासून ती बनते. म्हणजे या नव्या विद्येचे मूळ भांडवलही नेत्रदानच! यंत्र आले म्हणून दात्याची गरज संपलेली नाही.

हे दान मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत व्हावे लागते. रोह्यासारख्या गावी शोकाकुल घरात तेवढा वेळ सहज निसटतो. म्हणून जवळच्या नेत्रपेढीचा दूरध्वनी क्रमांक आधीच नोंदवून ठेवावा. मृत्यूनंतर पंखा बंद करावा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोके उशीने किंचित उंच करावे. वय, चष्मा वा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आड येत नाही. पूर्वी अर्ज भरलेला नसला तरी निकटच्या नातलगांची संमती पुरेशी असते.

२५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा पुष्कळदा पर्युषण व गणेशोत्सव यांच्या आसपासच येतो. कुटुंब एकत्र जमलेले असताना ज्येष्ठांनी आपली इच्छा मुलासुनांना स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावी. ऐन वेळी निर्णय त्यांनाच घ्यायचा असतो.