प्रत्येक खाज लूत नसते

आमच्या हिंडलग्याच्या भोवती भातशेती आहे. पावसाळा उतरणीस लागला, की बांधावर गवत माजते, हवा दमट असते, आणि दारातले कुत्रे अंग खाजवू लागतात. गेल्या वर्षी आमच्या गल्लीतील एका कुत्र्याचे शेपटीच्या मुळाशी केस गेले व कातडी लाल झाली. "लूत लागली, हाकलून द्या," असा निवाडा झाला. कुणीतरी त्याच्या अंगाला गाडीचे जळके तेल चोपडले. ते चाटून बिचारा दोन दिवस ओकत पडला. पुढे पशुवैद्यांनी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. लुतीचे किडे दिसले नाहीत. केसांत मात्र काळे कण सापडले आणि ते ओल्या कापसावर ठेवताच तांबडे झाले. ती पिसवांची विष्ठा होती. कुत्र्याला लूत नव्हती, पिसवांची ॲलर्जी होती.

निरुपद्रवी पदार्थाला शत्रू समजून शरीर त्याच्यावर तुटून पडते, या स्थितीला ॲलर्जी म्हणतात. हा शब्द व्हिएन्नाचे डॉक्टर क्लेमेन्स फोन पिर्के यांनी १९०६ साली योजला. त्याआधी १९०२ मध्ये फ्रान्सच्या शार्ल रिशे व पॉल पोर्त्ये यांनी समुद्रपुष्पाचे विष कुत्र्यांना टोचले होते. पहिल्या वेळी तगलेले कुत्रे काही आठवड्यांनी अल्पशा मात्रेनेही दगावले. या संशोधनाबद्दल रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या विषयातील मोठा धडा माणूस कुत्र्याच्या जिवावर शिकला आहे, हे आपण विसरू नये.

ॲलर्जीने माणसाला शिंका येतात, कुत्र्याला बहुधा खाज सुटते. तो पंजे चाटतो, तोंड जमिनीवर घासतो, कान झाडतो. काखा व पोट लाल होते, कानांना दुर्गंधी येते. लूत दुसऱ्या कुत्र्याला, प्रसंगी माणसालाही लागते. ॲलर्जी कुणालाच लागत नाही. म्हणून हाकलण्यापूर्वी तपासणी करावी.

कारण शोधताना क्रम पाळावा. आधी पिसवा पाहाव्यात. ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला एकदोन चावेही पुरतात, कारण दोष पिसूच्या लाळेचा असतो. पिसवांची अंडी व अळ्या अंथरुणात आणि जमिनीच्या भेगांत असतात. तेव्हा कुत्र्याला औषध द्यावे, गोणपाट कढत पाण्यात धुवावे, कोपरे झाडावेत, घरातील इतर जनावरांवरही उपचार करावा.

तरीही खाज राहिली, तर अन्नाकडे वळावे. गोमांस, दूध, कोंबडी, गहू हे नेहमीचे पदार्थही बाधू शकतात. पशुवैद्यांच्या सल्ल्याने, पूर्वी कधी न खाल्लेले अन्न सुमारे आठ आठवडे द्यावे. त्या काळात बिस्किटाचा तुकडाही देऊ नये. खाज थांबली आणि जुने अन्न देताच परतली, तर कारण सापडले.

दोन्ही निर्दोष ठरली, तर परागकण, बुरशी वा धुळीतील सूक्ष्म किडे यांचा संशय घ्यावा. हा विकार बहुधा सहा महिने ते तीन वर्षे या वयात सुरू होतो. तो समूळ जात नाही, पण आटोक्यात राहतो. फिरून आल्यावर पंजे व पोट ओल्या फडक्याने पुसावे. स्टिरॉइडने आराम लवकर पडतो. पण ते दीर्घकाळ दिल्यास अपाय होतो, म्हणून मात्रा पशुवैद्यांनीच ठरवावी. जळके तेल, रॉकेल, फिनेल अंगाला लावू नये. माणसांच्या गोळ्या देऊ नयेत.

गांधीलमाशी चावून तोंड सुजले, उलट्या झाल्या किंवा धाप लागली, तर मात्र क्षणभरही थांबू नये. कुत्र्याला तत्काळ दवाखान्यात न्यावे.

आमच्या गल्लीतील तो कुत्रा आज अंगभर केसांनिशी दारात बसतो. औषधाला फारसा खर्च आला नाही. थोडे थांबून नीट पाहणे तेवढे हवे होते.