बैठकीवरचा माणूस



तुळशीचे लग्न लागले की घरोघर बस्त्याची बोलणी सुरू होतात. मोहोळ, बार्शी, अक्कलकोटकडची मंडळी, शेजारच्या धाराशिवची, तशीच सीमेपलीकडच्या इंडीकडची, सोलापूरच्या नवी पेठेत उतरतात. दुकानाला दुकान लागलेले, कापड बहुधा तेच, भावात एकोणीस-वीसचा फरक. मग तुमच्या घरचा बस्ता वर्षानुवर्षे एकाच दुकानातून का येतो? म्हातारीला विचारून पाहा. ती म्हणेल, "तिथला माणूस चांगला आहे." हे ती शेठजींविषयी बोलत नाही. शेठजी तिला गल्ल्यावर दिसतात तेवढेच. ती बोलते बैठकीवर साड्या उलगडणाऱ्या नोकराविषयी.

अक्कलकोटकडच्या बाईला "बर्री, कूडरी" असे कानडीत म्हणणारा, पन्नास साड्या पाहून एकही न घेतली तरी कपाळाला आठी न घालणारा तो माणूस म्हणजेच तिच्या लेखी ते दुकान. याच्या उलट नमुनाही तुम्ही पाहिला असेल. पायातल्या वहाणांकडे एक नजर टाकून तो म्हणतो, "तुमच्यातले तिकडे आहे." अशा वेळी एखादाच उठून जातो. बाकीचे काय करतात? टेम्पो भाड्याने आणलेला, सोबत बारा माणसे, व्याही शेजारी बसलेले. मग इरेला पेटून दीड हजाराच्या जागी चार हजारांची साडी घेतली जाते आणि तो फरक उसाच्या बिलातून फिटतो.

नोकर असा का वागतो, हेही पाहिले पाहिजे. दिवसभर उभ्याने काम, उलगडलेल्या साड्यांच्या घड्या पुन्हा घालायच्या, वर गिऱ्हाईकासमोर शेठजींची बोलणी. ज्याला दुकानात कोणी अहो-जाहो करीत नाही, त्याने तुम्हाला करावे कसे? केरळने 2018 साली आणि तमिळनाडूने 2021 साली दुकानातील नोकरांना बसायला जागा दिलीच पाहिजे असा कायदा केला. साधे स्टूल देण्यासाठी कायदा लागतो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. पुष्कळ दुकानांत आणि बँकांत गिऱ्हाइकाचा मान सांगणारी, गांधीजींच्या नावाची पाटी असते; काहींवर तर 'दक्षिण आफ्रिका, 1890' असेही छापलेले असते. गांधीजी तेथे गेले 1893 साली! असो. पाटीपेक्षा स्टूल बरे.

साडीत पैसेच जातात. औषधाच्या दुकानात पीक जाते, कधी जीवावरही बेतते. माझ्या नोकरीत मी हे फार पाहिले. औषध कोणत्या किडीवर, किती पाण्याला किती, आणि काढणीपूर्वी किती दिवस फवारणी थांबवायची, हे तीन प्रश्न प्रत्येकाने विचारायचे असतात. पण काउंटरवरचा पोरगा एकदा "बाटलीवर लिहिलंय, वाचा" म्हणून खेकसला की चारचौघांत शेतकरी गप्प बसतो. बारीक अक्षर वाचता येत नाही, मग टोपणाच्या अंदाजाने पंपात ओततो. तेव्हा खेकसला तरी पुन्हा विचारा. मालाचा दर्जा, प्रमाण आणि किंमत यांची माहिती मिळणे हा ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे तुमचा हक्क आहे. पक्के बिल घ्या. आणि तिरसट बोलण्याला मात्र कायद्यात औषध नाही, तिथे उठून शेजारच्या दुकानात जावे.

एक गोष्ट आणखी. या काउंटरवर उभी असणारी पोरे बहुतेक आपल्याच कोरडवाहू गावांतून गेलेली असतात. आणि गावातल्या दूध संकलन केंद्रावर तर आपलाच पुतण्या बसतो. चाळीस लिटर घालणाऱ्या पाटलांना तो फॅटचा आकडा उभा राहून सांगतो. दोन लिटरची किटली घेऊन आलेल्या विधवा बाईने तोच आकडा विचारला तर काय म्हणतो, ते उद्या सकाळी दूध घालायला जाल तेव्हा जरा थांबून ऐका.