राणी माशीचा नर केळीच्या बागेत

ऑपरेशन सिंदूरनंतर ‘ड्रोन’ हा शब्द लहान पोरांनाही पाठ झाला. खानदेशात मात्र तो त्याआधीच बांधावर येऊन पोहोचला होता. रावेर-यावलकडे केळीवर करपा दिसला की आता ड्रोनवाल्यालाही फोन जातो. टाकीत दहा लिटर औषध भरायचं, बॅटरी बदलायची, की यंत्र वर. पंख्यांच्या वाऱ्याने केळीचं रुंद पान हेलकावतं आणि औषध खालच्या अंगालाही लागतं.

घरघर करतो म्हणून ड्रोन, असं बऱ्याच जणांना वाटतं. मूळ आहे ते मधमाश्यांच्या पोळ्यात. इंग्रजीत ड्रोन म्हणजे नर माशी. हा नर मध गोळा करत नाही, त्याला नांगी नसते; राणीशी हवेत मीलन झालं की तो मरतो. 1935 साली ब्रिटिशांनी टायगर मॉथ या शिकाऊ विमानावरून एक विनावैमानिक विमान बेतलं. तोफांच्या नेमबाजीचं ते लक्ष्य. जमिनीवर बसलेला माणूस टेलिफोनसारखी तबकडी फिरवून ते वळवायचा. नाव ठेवलं ‘क्वीन बी’, म्हणजे राणी माशी. अमेरिकी नौदलाला ही कल्पना भावली. 1936 साली तिथले अधिकारी डेल्मर फार्नी यांनी आपल्या तशाच विमानांसाठी ‘ड्रोन’ हा शब्द वापरला. राणीमागून नर आला, हीच व्युत्पत्ती मला सर्वांत पटते.

शेतातल्या ड्रोनचं स्वागतच केलं पाहिजे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पाठीवरचा पंप उतरला तर माणसं वाचतील.

पण ज्या जिवावरून नाव पडलं, त्याच्या कुळावर हे यंत्र उठता कामा नये. हातपंपाला एकरी दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं, तिथे ड्रोन दहा लिटरांत काम उरकतो. म्हणजे द्रावण दाट, थेंब बारीक आणि वाऱ्यावर शेजारच्या रानात जाणारा. केळीचं फळ धरायला माशी लागत नाही. पण शेजारी बियाण्याचा कांदा फुलावर असेल, तर त्याचा दाणा भरणं माश्यांवरच असतं. धुळ्याकडच्या कांदेवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

माश्या दिवसा फुलांवर असतात, ऊन कललं की पोळ्यात परततात. तेव्हा ड्रोन संध्याकाळी, वारा पडल्यावर उडवा, आणि आदल्या दिवशी शेजारच्या शेतकऱ्याला निरोप द्या.