डाएट पोराचं नको, सेटिंग घराचं बदला

आज बोलू लहान मुलांच्या वाढत्या वजनाबद्दल. मी काही डॉक्टर नाही, कोड लिहिणारा माणूस. पण हा विषय घरातच आला.

दिवाळीत माझा नऊ वर्षांचा भाचा आला होता. मी सवयीने म्हणालो, "काय गोलू!" सगळे हसले, तोही हसला. संध्याकाळी खालची पोरं खेळायला बोलवायला आली, तर म्हणतो, "मला नाही जायचं. ते पण गोलू म्हणतात." तो 'पण' मला लागला.

आई म्हणाली, "खात्यापित्या घरचा आहे, उंची वाढली की होईल बारीक." होतंही कधी कधी. पण त्या भरवशावर बसू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ३.४ टक्के झालं. म्हणजे दीडपटीहून जास्त. लहानपणीचा लठ्ठपणा बऱ्याचदा मोठेपणीही राहतो, आणि मग मधुमेह, बीपी मागे लागतात.

यात पोराचा दोष किती? शाळेला व्हॅन, मग क्लास, मग मोबाइल. फ्रिज आपणच भरतो. कोल्ड्रिंकच्या लेबलवर १०० मिलीला साधारण १०-११ ग्रॅम साखर दिसेल. म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत पाच-सहा चमचे! चहात इतकी घालाल का?

आमच्या भाषेत सांगायचं तर युजरला ओरडू नका, डिफॉल्ट सेटिंग बदला. ताईला मी हेच सांगितलं:

एक, कोल्ड्रिंक, वेफर्स घरात आणूच नका. समोर चणे-शेंगदाणे, फळं, ताक ठेवा. नियम सगळ्यांना सारखा, बाबांनाही.

दोन, जेवताना स्क्रीन बंद. व्हिडिओच्या नादात पोट भरलेलं कळत नाही. "ताट संपव" हा आग्रहही सोडा.

तीन, रोज एक तास घाम येईल असा खेळ. ५ ते १७ वयासाठी जागतिक आरोग्य संघटना एवढंच सांगते. लगोरी, सायकल, काहीही चालेल.

चार, झोप. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास लागते.

पाच, मोठ्यांच्या बीएमआय ॲपवर मुलांना मोजू नका. त्यांचा तक्ता वय आणि मुलगा-मुलगी बघून असतो. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. वाढत्या वयात उपाशी तर अजिबात ठेवू नका.

आणि माझं काम? गोलू म्हणणं बंद. दुसऱ्या दिवशी त्याला नावाने हाक मारली आणि बॅट घेऊन दोघं खाली उतरलो. दहा मिनिटांत धाप मलाच लागली. तो म्हणाला, "मामा, उद्या पण येशील ना?"

हा 'पण' मात्र आवडला.

तुमच्याही घरात एखादा गोलू असेल, तर आज त्याला नावाने हाक मारा. भेटू पुढच्या भागात!